परसातला कललेला जलतरण तलाव

न्यू जर्सीत आम्ही घेतलेल्या घराच्या परसात 24 फूट व्यासाचा गोल जलतरण तलाव आधीपासूनच होता. हा खोदलेला तलाव नव्हे. जमिनीवर पत्र्याची गोल भिंत उभी करून आत विनाइलचे अस्तर लावलेला, अमेरिकेतल्या हजारो परसांत दिसतो तसा. पाण्याचा पृष्ठभाग नेहमी समपातळीतच राहतो, त्यामुळे असा तलाव कललेला आहे का हे पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. भिंतीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने ठिकठिकाणी मोजले की पुरते. आमच्याकडे ते गॅरेजच्या बाजूला सात इंच भरले आणि कुंपणाच्या बाजूला तीन. एक इंचापर्यंतचा फरक सहसा चालवून घेतला जातो. चार इंच म्हणजे दुरुस्ती पुढे ढकलण्याची सोय उरलेली नाही.

याचे कारण वजनात आहे. चार फूट खोलीच्या अशा तलावात सुमारे 51,000 लिटर, म्हणजे 51 टन पाणी मावते, आणि ते पेलणारा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. ही भिंत पिंपाला आवळलेल्या लोखंडी पट्ट्यासारखे काम करते: पाण्याचा रेटा सगळीकडून सारखा असेल, तर ताणही सगळीकडे सारखा वाटला जातो. तलाव कलला की सखल बाजूला पाण्याची खोली वाढते, भिंतीला बाहेरून आधार देणारे खांब बाहेर झुकू लागतात, गोल हळूहळू लंबगोल होतो, आणि एखाद्या गंजलेल्या जागी, बहुधा स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भागाच्या) खिडकीपाशी किंवा पत्र्याच्या सांध्यात, भिंत फाटते.

पाणी आत ठेवूनच खांब जॅकने उचलावेत आणि खाली फरशा सरकवाव्यात, असा सल्ला आम्हाला एकाहून अधिक जणांनी दिला. तो मी मनापासून नाकारला. खांब उचलला तरी तळाची जमीन उचलली जात नाही, आणि 51 टनांच्या भाराखाली पत्रा वाकवणे याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. दोष जमिनीत असेल, तर तलाव रिकामा करून जमिनीपर्यंत गेलेच पाहिजे.

म्हणून क्लोरीन पूर्ण उतरू दिल्यावर पाणी पंपाने सोडून दिले आणि अस्तर कापून काढले. जुने अस्तर रिकामे झाले की आकसते, ते पुन्हा बसत नाही. खाली जे दिसले त्यावरून मूळ काम किती घाईने उरकले होते ते स्पष्ट झाले. गवत न काढता त्यावरच वाळू पसरली होती. सखल बाजूला भरावाची सैल माती टाकली होती आणि ती न चोपताच सोडली होती. खांबांखाली काँक्रीटच्या फरशांऐवजी लाकडी फळ्या होत्या, आणि त्या इतक्या कुजल्या होत्या की बोटाने दाबल्यावर ओल्या भुशासारख्या सुटत होत्या. लव्हाळ्याच्या जातीचे एक गवत तर वाळूतून टोकदार कोंब काढून थेट अस्तरापर्यंत पोहोचले होते. ते विनाइललाही भोक पाडते.

या कामाचा एक नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: उंच बाजू खणून खाली आणायची, सखल बाजू भरून वर आणायची नाही. भराव कितीही चोपला तरी पाण्याच्या भाराखाली तो असमान बसतो. न हललेली मूळ जमीन सहसा बसत नाही. खणण्यापूर्वी 811 या क्रमांकावर कळवून गॅस आणि विजेच्या भूमिगत वाहिन्यांच्या खुणा करून घेतल्या, कारण हे इथे बंधनकारक आहे. पातळी पाहण्यासाठी लेझर भाड्याने मिळतो, पण मी आपल्याकडचे गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळीच वापरली. नळीत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही तर ती फसवत नाही, आणि 24 फुटांच्या अंतरावर दोन्ही टोकांची पातळी एका नजरेत कळते.

प्रत्येक खांबाखाली काँक्रीटची फरशी जमिनीच्या पृष्ठभागाशी समतल बसवली. आत दोन इंच बारीक वाळू चोपून घेतली आणि भिंतीच्या बुडाशी कडेने वाळूचाच सहा इंचांचा उतार दिला. हा उतार नसेल, तर पाण्याच्या दाबाने अस्तर भिंतीखालच्या फटीत ढकलले जाऊन तिथेच फाटते. भिंत उभारायला वारा नसलेली सकाळ निवडली. 75 फूट लांबीचा मोकळा पत्रा वाऱ्यात आवरत नाही. अस्तर उन्हात मऊ करून पसरले, व्हॅक्यूम क्लीनरने मागची हवा ओढून घेतली आणि इंचभर पाण्यातच सुरकुत्या पायाने कडेला सारल्या. पाणी वाढले की त्या हलत नाहीत.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी उणीव मात्र विजेची होती. अमेरिकेच्या विद्युत संहितेनुसार अशा तलावाची धातूची भिंत, पंप, भोवतालची जमीन आणि पाणीसुद्धा आठ गेजच्या भरीव तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडावे लागते. याचा हेतू आपल्या नेहमीच्या अर्थिंगहून वेगळा आहे: ओल्या अंगाने माणूस एकाच वेळी ज्या गोष्टींना स्पर्श करू शकतो, त्यांच्यात व्होल्टेजचा फरकच राहू नये. आमच्या तलावाला अशी तार मुळीच नव्हती, आणि पंप साध्या एक्स्टेंशनवर चालत होता. परवाना काढून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ती तार भिंतीभोवती जमिनीत घालून घेतली, गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे जीएफसीआय संरक्षण बसवले, आणि निरीक्षकाने पाहून जाईपर्यंत चर उघडाच ठेवला. शिडीही बदलली: 48 इंचांची भिंत लहान मुलांसाठी अडसर मानली जाते खरी, पण शिडी उचलून कुलूपबंद करता आली तरच.