नवमीचा घास

आज अविधवा नवमी. आई बाबांच्या आधी गेली, म्हणून भाद्रपद वद्यातली ही नवमी तिची. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी असं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं आणि मी न् बाबा वाट बघत उभे राहिलो. आमच्या सदाशिव पेठेत हल्ली कावळा पटकन येत नाही.

ओंकारेश्वराला दहाव्याच्या दिवशीही तो असाच अडून बसला होता. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा बाबा पिंडापुढे हात जोडून पुटपुटले, "गोळ्या वेळेवर घेईन गं, काळजी करू नकोस." आणि लगेच शिवला.

आज अर्धा तास गेला. खिरीवर साय धरली. बाबा एकदम आत गेले, बीपीची गोळी घेतली आणि पाण्याचा पेला हातात धरूनच बाहेर आले. "घेतली बघ," म्हणाले.

समोरच्या टाकीवरून एक आला. वडा उचलला आणि मान वाकडी करून बाबांकडे बघत राहिला. आई खरं-खोटं तपासायला अश्शीच बघायची.

योगायोग म्हणा हवं तर. मी नाही म्हणणार.

बाबांनी पेला कठड्यावरच ठेवला. "राहू दे. घाईत खाल्लं की ठसका लागतो तिला."