छिद्र तेच, भुंगेरा कोणता?

सांगोला भागातील डाळिंबाच्या बागेत खोडावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे आणि त्यांतून गळणारा बारीक भुसा दिसला, की ‘पिन होल बोरर आला’ असे म्हणून खोडाला गेरूचा लेप देण्याची तयारी सुरू होते. साल खाणारी अळी तिच्या विष्ठेच्या जाळीवरून चटकन ओळखता येते. पिन होल बोरर म्हणजे खोडात बारीक छिद्रे पाडणाऱ्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्यांचे मात्र तसे नाही. भिंगाखाली एकसारख्या दिसणाऱ्या त्यांच्या जाती डीएनएवरूनच खात्रीने वेगळ्या करता येतात.

लॉस एंजलिस परिसरात २००३ साली सापडलेला असाच एक भुंगेरा आपल्याकडच्या चहाच्या मळ्यांत उपद्रव करणाराच आहे, असे धरले गेले होते. २०१२ मध्ये तेथे ॲव्होकॅडोची झाडे वाळू लागल्यावर झालेल्या डीएनए तपासणीत तो वेगळ्याच जातीचा निघाला. हा फरक केवळ कागदावरचा नाही. हे भुंगेरे लाकूड खात नाहीत. ते बोगद्यात बुरशी वाढवून तिच्यावर पिल्ले पोसतात आणि झाड वाळते ते मुख्यतः त्या बुरशीमुळे. जात बदलली, की सोबतची बुरशी, आवडती झाडे आणि नैसर्गिक शत्रूही बदलू शकतात.

तपासणीसाठी बहुधा पेशीकेंद्राबाहेरच्या सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचतात. त्यासाठी भुंगेऱ्याचा एक पाय पुरतो आणि अळीचीही ओळख पटते. तरीही या एकाच जनुकावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण या कुळात बोगद्यातच सख्ख्या भावंडांचे मीलन होते आणि एकाच जातीच्या निरनिराळ्या वंशांत या जनुकातील फरक साचत जातात. म्हणून पेशीकेंद्रातील जनुकेही जोडीने तपासावी लागतात.

शिवाय डीएनए गट पाडून देतो, नाव देत नाही. श्रीलंकेतील नमुन्यांवरून १८६८ मध्ये दिलेले ‘फॉर्निकेटस’ हे या भुंगेऱ्यांचे शास्त्रीय नाव नेमके कोणत्या गटाचे, हे ठरवण्यासाठी संग्रहालयातील जुने नमुने मोजावे लागले, आणि २०१८ मध्ये झालेली नावांची वाटणी २०१९ मध्ये पुन्हा बदलली.

सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात किंवा अन्यत्र नमुना नेणाऱ्यांनी भुंगेरे फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नयेत, त्याने डीएनए खराब होतो. तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावेत आणि बाटलीतल्या कागदी चिठ्ठीवर गाव, तारीख व झाडाचे नाव पेन्सिलीने लिहावे, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.