आरसा आणि मिलो

१९७५ साली पहिल्यांदा दहावीची बोर्डाची परीक्षा झाली, त्या बॅचचा मी. शाळेबद्दल लिहा म्हटलं की लोक शिपाईमामा आणि घंटा आठवतात. मला एक निबंध आठवतो.

आठवीत होतो, बहात्तरच्या दुष्काळात. मराठीच्या सरांनी विषय दिला, ‘साहित्य हा समाजाचा आरसा’. मी गाईडातून उतरवला. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईत एकच ओळ होती : ‘घरी दळताना काय गातात, ते ऐकून ये.’

गिरणीला द्यायला पैसे नव्हते, म्हणून आजीने कोपऱ्यातलं जातं पुन्हा मांडलं होतं. जात्यात घालायला रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि पोटात दगडासारखी बसायची. पहाटे उठून कान दिला, तर आजी गात होती भावाच्या गाडीचं. गाडीत पोत्यांनी जोंधळा, वर हिरवं लुगडं, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा! खरा भाऊ बैल विकून खडी फोडायला गेला होता. वर्षभरात फिरकला नव्हता.

“आजी, हे सगळं खोटंच की.”

खुंटा न सोडता म्हणाली, “दुष्काळाचं काय गायाचं? त्यो हायेच की दारात.”

वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरचा एकजण उठला. त्याच्या आईने ओवीतल्या सासूला काढून तिथे कामावरचा मुकादम बसवला होता, हजेरीपटासकट. आता हा तर आरसाच झाला! सरांनी दोन्ही ओव्या फळ्यावर लिहून घेतल्या, निकाल काही दिला नाही. तेव्हा राग आला होता.

पुढे कॉलेजात मार्क्सचा पाया आणि इमला घोकला. आर्थिक पाया बदलला की वरचा विचार बदलतो, वगैरे. मग खुद्द मार्क्सच्या साथीदाराचं, एंगल्सचं १८९० सालचं पत्र वाचनात आलं : अर्थव्यवहार अखेरीस निर्णायक खरा, पण तेवढा एकच घटक ठरवतो असं म्हणणं म्हणजे विधानच पोकळ करून टाकणं. मला ते पटायला वेळ लागला नाही, जात्याजवळ बसलो होतो ना. जातं परत आलं म्हणून ओवी परत आली, एवढं पायाचं. भरलेली गाडी कुठून आली?

गेल्या वर्षी पुतणीच्या हळदीला तेच जातं काढलं. जमलेल्या बायकांना मिळून दोनच ओव्या येत होत्या, दोन्ही भावाच्या गाडीच्या. दारात पाच मोटारी होत्या, बैल एकही नाही.