बर्गंडी व्हिलेज रेड, फेरी तिसरी: जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

बर्गंडी हा फ्रान्समधला वाइनचा प्रांत, आणि ‘व्हिलेज’ म्हणजे लेबलवर एका गावाचं नाव घेणारी तिथली वाइन. चाखण्याच्या पहिल्या दोन फेऱ्यांत गावागावांची तुलना केली आणि ती फसली. उत्पादक वेगळा, साल वेगळं, पिंपाचं लाकूड वेगळं. मग ‘शांबोल नाजूक, पोमार रांगडी’ हे गावांबद्दलचं आधीच पाठ असलेलं वाक्य ग्लासात शोधायचं, एवढंच उरतं. म्हणून या वेळी एकाच उत्पादकाची, एकाच सालाची साधी बुर्गोन्य रूज (सबंध प्रांताच्या नावाची लाल वाइन) आणि त्याचीच व्हिलेज शेजारी शेजारी, दोन्ही कागदात गुंडाळून. व्हिलेज दुप्पट दराची असेल तर दुप्पट काय आहे, ते साध्या बाटलीसमोरच कळतं.

बाटली उघडल्याबरोबर निम्मी वाइन ३७५ मिलीच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत काठोकाठ भरायची आणि बूच मारून दुसऱ्या दिवसासाठी फ्रिजात ठेवायची. ओतताना लागते तेवढी हवा पुरे. अर्धी रिकामी बाटली रात्रभर तशीच ठेवली तर पिनोचा (या लाल वाइनच्या द्राक्षाचा) सुगंध बसतो आणि दुसऱ्या दिवशी आपण वाइन नाही, हवा चाखतो. उरलेल्या निम्म्यात सहा जणांना ६० मिली येते. तीही ३०-३० करून ओता.

कारण तापमान. ओतताना १४ अंश, पिताना १६. ‘रूम टेंपरेचर’ हा युरोपातल्या थंड घरांचा हिशेब, पुण्या-मुंबईच्या एप्रिलचा नव्हे. १८ च्या वर अल्कोहोल नाकात चढतं आणि ताज्या फळाचा मुरंबा होतो. फ्रिजमधून काढून थेट ओतली तर उलट: टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) कडक, वास मुका. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर ग्लासात बुडवा, अंदाजावर जाऊ नका.

पहिल्या घोटाला फसायला होतं. चेरी-रासबेरी साध्या बाटलीतही छान येते. फरक असतो तो मधल्या चवीत आणि शेवटात. पिकदाणीत थुंकल्यावर मनातल्या मनात सेकंद मोजा, पण फक्त फळाचे. आंबटपणा आणि लाकडाचा कडवटपणा धरायचा नाही. व्हिलेजचं फळ साध्या बाटलीपेक्षा जेमतेम एक-दोन सेकंद जास्त टिकत असेल, तर पैसे नावाला गेले.

आणि नावाची किंमत मोठी असते. जव्रे गावाने १८४७ मध्ये आपल्या सर्वांत नामवंत मळ्याचं, शांबेर्तँचं, नाव स्वतःला जोडून घेतलं; त्या मळ्याची पुण्याई आज सपाटीवरच्या द्राक्षांनाही मिळते. जव्रेची व्हिलेज हद्द हमरस्ता ओलांडून पूर्वेला, खोल मातीच्या सपाट जमिनीतही उतरते. म्हणून लेबलवर मळ्याचं नाव असेल तर नकाशावर तो उतारावर आहे की रस्त्यापलीकडे, ते पाहून घ्या. मळ्याचं नाव दिसलं की ती प्रीमिये क्रू (व्हिलेजच्या वरची पायरी), असं मात्र नाही. ते शब्द छापलेले नसतील तर ती बहुधा व्हिलेजच.

निकाल देण्याआधी दोष वगळा. बूच काठाच्या वर आलेलं आणि कॅप्सूलखाली (बुचावरच्या वेष्टणाखाली) चिकट ओघळ असला, तर बाटली बहुधा उन्हात तापलेली आहे. काडेपेटीच्या गुलासारखा वास हवेने कमी होतो. ग्लास घुसळा, वीस मिनिटं थांबा. बूच लागलेल्या (खराब बुचाचा दोष उतरलेल्या) वाइनचा ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळी गोणपाटाचा वास मात्र हवेने वाढतो. हा दोष अगदी सौम्य असला की सगळ्यांत वाईट: वास येत नाही, फक्त फळ गायब होतं आणि आपण बिचाऱ्या उत्पादकाला महाग ठरवून मोकळे होतो. देठांसकट आंबवलेल्या वाइनमध्ये मिरी आणि सुक्या पाल्याचा वास येतो, त्याला कच्चेपणा म्हणू नका.

दुसऱ्या दिवशीची अर्धी बाटली लाकडाचं बिंग फोडते. नव्या पिंपाची व्हॅनिला-लवंग पहिल्या दिवशी पोकळ मध्य झाकते. रात्रीनंतर फळ ओसरलं की नुसती फळी चाटल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी अबोल असलेली वाइन दुसऱ्या दिवशी भरून आली, तर तिच्या आणखी बाटल्या घ्याव्यात आणि तीन-चार वर्षं विसराव्यात.

साल बघून गुण द्या. २०२१ मध्ये एप्रिलच्या हिमाने पीक मारलं. वाइन हलक्या, लवकर पिण्याजोग्या, पण टंचाईमुळे स्वस्त नाहीत. २०२० उष्ण आणि कोरडं, तिला वेळ द्या. २०१७ ची व्हिलेज आता खुशाल उघडा.

चौथ्या फेरीत: जव्रे व्हिलेज, तिच्याच दरात जिव्री गावची प्रीमिये क्रू, आणि सोबत साव्हिन्यी व सांतने या गावांच्या वाइन. चौघी झाकूनच.