दवाखान्याची भीती आणि अर्धी गोळी

11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं आणि लोक दवाखान्याच्या पायरीलाच घाबरायला लागले. पण बाकीचे आजार काय सुट्टीवर गेले होते का? कितीतरी देशांत हार्ट अटॅकचे पेशंट हॉस्पिटलमध्ये एकदम कमी दिसायला लागले, कारण बरेच जण छातीत दुखत असतानाही ॲसिडिटी असेल, बघू उद्या, असं म्हणत घरीच थांबले, आणि हृदयाची बंद पडलेली नळी जितकी उशिरा उघडेल तितका स्नायू मरत जातो, तो परत येत नाही.

आमच्या आईने तर बीपीच्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या तोडून घ्यायला सुरुवात केली, मला पत्ताच नाही, एक दिवस पाकिटात गोळीचा तुकडा दिसला तेव्हा कळलं. खूप रडू आलं. मग डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला, मशीनवरचा आकडा दाखवला, दहा मिनिटांत काम झालं.

लहान मुलांचं तर फारच वाईट वाटतं. 2021 मध्ये जगभरात जवळपास 2.5 कोटी मुलांचा घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा एखादा तरी डोस राहिला, आणि ही राहिलेली मुलं गाठायला 2023 मध्ये वेगळी मोहीम काढावी लागली.