कानशिलांवरचे पांढरे आणि दोन टप्प्यांतली मेहंदी-इंडिगो

मेहंदी आणि इंडिगो (निळीच्या पानांची पूड) एकत्र कालवून लावलं की मागचे केस छान तपकिरी व्हायचे, पण कानशिलं तांबूसच राहायची. तिथले पांढरे केस जाड, ताठ आणि महाहट्टी. म्हणून यंदा पावसाळ्यापासून एकत्र लावणं सोडलं. आता आधी नुसती मेहंदी, ती धुऊन झाली की इंडिगो. दिवस जातो खरा, पण निकाल बघता मागे फिरायचा विचार नाही.

डोक्यावर करण्याआधी जुड्यांवर करून पाहिलं. कंगव्यात अडकलेले पांढरे केस साठवले आणि दोऱ्यानं बांधले. एका जुडीला एकत्र मिश्रण, दुसरीला मेहंदीवर इंडिगो, तिसरीला नुसतं इंडिगो. तिसरी बघून हसूच आलं, चक्क निळसर हिरवी! पहिली लालसर तपकिरी. दुसरी धुतल्या धुतल्या काळपट हिरवी दिसत होती. दोन दिवसांनी खिडकीच्या उजेडात धरली तर गडद तपकिरी, जवळपास काळी. पांढऱ्या केसाला खाली मेहंदीचा तांबडा थर लागतोच, हे त्या जुड्यांनी एकदाचं पटवलं.

मेहंदी मी सोजतचीच घेते, वस्त्रगाळ. (राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं हे गाव, तिथल्या मेहंदीला २०२१ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.) खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण १०० ग्रॅम, नुसत्या मुळांना ४०-५० पुरते. आवळा पावडर आणि कोमट पाण्यात भिजवते. उन्हाळ्यात तीन-चार तासांत रंग सुटतो, थंडीत रात्रभर ठेवावी लागते. तळहातावर ठिपका ठेवायचा, पाच मिनिटांत केशरी डाग उमटला की लावायला घ्यायची. आवळ्यानं तांबडेपणा जरा दबतो. लिंबाचा रस पूर्वी घालायचे, पण टाळू कोरडी पडते म्हणून बंद केला.

आजीकडची लोखंडी कढई आणि चहाचं पाणी हा प्रकारही करून झाला आहे. लोखंड आणि टॅनिन यांची काळी छटा येते, पण माझ्या केसांवरून ती लवकर उतरते. शिवाय पांढऱ्याचं काम मुळात इंडिगोनंच करायचं असेल, तर कढई कशाला घासत बसायची?

इंडिगोची तऱ्हा उलटी. त्याला आंबट चालत नाही आणि वाट बघणंही चालत नाही. पानात इंडिकान नावाचं द्रव्य असतं. पाणी लागलं की पानातल्याच एन्झाइममुळे ते फुटून इंडॉक्सिल होतं आणि हवा लागली की त्याची निळी नीळ बनते. नीळ एकदा बनली की ती पाण्यात विरघळत नाही, मग केसात शिरणार कशी? म्हणून ती बनायच्या आत लेप डोक्यावर हवा. पाणी कोमटच, उकळतं नको, एन्झाइम मरतं. चिमूटभर मीठ घालून सरसरीत कालवते आणि दहा मिनिटं झाकून ठेवते. मटार सोलताना येतो तसा हिरवा वास सुटतो, वरची साय निळसर दिसायला लागते आणि खाली चमचा फिरवला तर अजून हिरवंच. हीच वेळ. पहिला हात कानशिलांवर, मग भांग, मग बाकीचं. उरलेली भिजवलेली मेहंदी फ्रीझरमध्ये टिकते, इंडिगो मात्र तेवढ्यापुरतंच कालवायचं.

लेप जाड थापते, वर प्लास्टिकची टोपी आणि जुना पंचा. दीड-दोन तासांनी नुसत्या पाण्यानं धुते. दोन दिवस शाम्पू नाही, कारण रंग हवेत मुरत जातो. लग्नकार्य असेल तर निदान तीन दिवस आधी उरकावं, नाहीतर फोटोत हिरवट झाक दिसते.

एक कळकळीची सूचना. ‘काळी मेहंदी’ म्हणून मिळणारी पाकिटं मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका. मेहंदीच्या पानातून काळा रंग येत नाही. काळं करणारं बहुतेक वेळा पीपीडी हे रासायनिक द्रव्य असतं, आणि त्याची अ‍ॅलर्जी उठली तर चेहरा सुजतो. शुद्ध पानांचीही कोपराच्या आत चाचणी घ्याच. घरात कुणाला जी-६-पीडी या तांबड्या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर मेहंदीपासून लांबच राहायला सांगा.

सध्याची स्थिती: कानशिलं आता बाकीच्या केसांत मिसळतात, अगदी कडेला तेवढी तांबूस रेघ उरते. लांबीला आता हात लावत नाही, दरवेळी थर चढून टोकं काळीकुट्ट होत होती. फक्त मुळं भरते. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, त्यानं धुतल्यावर केस राठ होतात; पुढच्या खेपेला कालवायला आणि शेवटच्या धुण्याला फिल्टरचं पाणी घेणार आहे. त्या कडेच्या रेघेसाठी कुणी इंडिगोचा दुसरा हात दिला असेल, तर मधे किती दिवस सोडलेत ते जरूर सांगा.