दिवाणखान्यातल्या गव्याचे डोके

कोल्हापूरकडच्या जुन्या घरांत शिकारीच्या आठवणी अजूनही भिंतींवर टांगलेल्या दिसतात आणि त्यांत गव्याचे डोके हटकून असते, कारण राधानगरी-दाजीपूरचे जंगल एके काळी संस्थानचे राखीव शिकारक्षेत्र होते. 1958 मध्ये तेच जंगल गव्यांसाठी अभयारण्य झाले. त्या परिसरातील एका वाड्यातले, तीन पिढ्यांपूर्वी मढवून घेतलेले असे एक डोके स्वच्छ करून टिकवण्याचे काम नुकतेच पूर्ण केले. अशी वस्तू घरात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी कागदपत्रे. गवा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत येतो. अशा प्राण्याचे डोके, कातडे किंवा शिंगे जवळ बाळगायची असतील तर वनखात्याचे मालकी प्रमाणपत्र लागते आणि ती विकता येत नाहीत. या घराकडे प्रमाणपत्र होते. तरीही वनखात्याची लेखी परवानगी मिळाल्यावरच मी कामाला हात घातला आणि डोके वाड्याबाहेर न नेता सगळे काम दिवाणखान्यातच केले.

दुसरी गोष्ट विषाची. जुन्या काळी कातड्याला कीड लागू नये म्हणून आतल्या बाजूने सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, मिसळलेला साबण चोळत असत. साबण, सोमल, कापूर, चुना आणि क्षार यांची ही कृती अठराव्या शतकात बेकर नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्याने तयार केली आणि पुढे ती जगभर पसरली. हा सोमल नाहीसा होत नाही. केसांच्या मुळाशी, शिवणीपाशी, डोळ्यांभोवती तो बारीक पांढऱ्या कणांच्या रूपात वर येतो. कधी तर काहीच दिसत नाही आणि तरीही तो असतो. म्हणून क्ष-किरणांच्या हातयंत्राने तपासणी होईपर्यंत प्रत्येक जुना नमुना विषारीच समजावा, असे माझे ठाम मत आहे. या डोक्यात आर्सेनिक निघालेच. दिवाळीच्या साफसफाईत अशा डोक्यावर फडके झटकणाऱ्या घरांची मला खरोखर काळजी वाटते, विशेषतः जिथे लहान मुले खाली खेळत असतात.

नायट्राइलचे हातमोजे, सूक्ष्म कण अडवणारा मास्क आणि हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म धूळ अडवणारी, गाळणी असलेला व्हॅक्यूम यांना पर्याय नाही. घरगुती व्हॅक्यूम बारीक धूळ पुन्हा खोलीतच सोडतो, म्हणून तो वापरू नये.

कातडे विषारी असूनही कसर लागली होती. कातडे खाणाऱ्या भुंग्यांच्या केसाळ अळ्यांनी शिंगांच्या बुडाशी, जिथे सोमल पोचला नव्हता, बारीक भोके पाडली होती आणि खाली भुशासारखा चुरा पडत होता. लहान पक्ष्याचा नमुना असता तर हवाबंद पिशवीत घालून उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवता आला असता. एवढ्या मोठ्या शिंगांसाठी मात्र हवा न झिरपणारी पिशवी तयार करून तीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घातल्या आणि तोंड सील केले. प्राणवायूवाचून अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात. याला काही आठवडे लागतात आणि तेवढा धीर धरावाच लागतो.

साफसफाईचा सगळा कस मात्र तेलापाशी लागला. या घरात दसऱ्याला शस्त्रांबरोबर गव्याच्या शिंगांनाही खोबरेल लावण्याची पद्धत होती. त्यामागची माया मला कळते. पण ते तेल वर्षानुवर्षे कपाळाच्या केसांत उतरले, चिकट झाले आणि त्यावर चुलीचा धूर व धूळ बसून काळसर राप तयार झाला. आधी मऊ ब्रशने केसांच्या वळणानेच धूळ सुटी करायची आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून, ओढ अगदी कमी ठेवून, ती टिपायची. मग कापसाच्या बोळ्यावर ऊर्ध्वपातित पाणी व इथेनॉल यांचे मिश्रण घेऊन, बोळा जवळजवळ कोरडा होईपर्यंत पिळून, एकेक बोटभर जागा पुसायची. शिंगांवरच्या चिकट थराला व्हाइट स्पिरिट हे खनिज तेलापासून काढलेले द्रावक लागले. कातडे भिजू देता कामा नये, कारण भिजलेले जुने कातडे वाळताना आक्रसते आणि शिवणीवर फाटते. बोळा तपकिरी निघायचा थांबला तेव्हा बुडाशी शिंगांचा मूळचा फिकट हिरवट-पिवळा रंग दिसू लागला. तो पाहून मनापासून आनंद झाला.

"डोळं तेवढं नीट कर गं पोरी," असे घरातल्या आजी रोज सांगत. काचेच्या डोळ्यांवरचा धुरकट थर ओलसर बोळ्याने निघाला. कानाच्या काठाला पडलेली चीर मात्र वेळखाऊ ठरली: रंगवलेल्या जपानी कागदाची पातळ पट्टी गव्हाच्या स्टार्चच्या खळीने आतून चिकटवली, म्हणजे उद्या कुणाला ती काढायची झाली तर पाण्याने सुटेल. नाकपुड्यांवर पूर्वी कुणीतरी काळा इनॅमल रंग फासला होता. तो काढला असता तर खालचा मूळ कारागिराचा मेणाचा थर विरघळला असता, म्हणून तो तसाच ठेवला.

खिडकीकडच्या बाजूचे केस उन्हाने विटून तांबूस झाले आहेत. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने 2012 मध्ये पुन्हा खुल्या केलेल्या सस्तन प्राण्यांच्या दालनात विटलेली फर विशिष्ट रंगद्रव्ये फवारून पूर्ववत केली, पण त्याआधी प्रदीर्घ चाचण्या झाल्या होत्या. मी इथे रंग लावला नाही. विटलेला केस हा ऊन रोखण्याचा इशारा आहे आणि तो झाकला तर ऊन तसेच पडत राहील.

म्हणून काचांवर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावली आणि डोके पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवरून आतल्या कोरड्या भिंतीवर हलवले. मागे "विषारी, हात लावू नये" असे लिहिलेले लेबल आहे. खाली पांढरा कागद अंथरायचा, दर महिन्याला त्यावर चुरा दिसतो का ते पाहायचे, आणि दसऱ्याला तेलाऐवजी समोर फुले ठेवायची, हे आजींनी मान्य केले आहे.